वॉर्डातून प्रबंधाकडे: एम.एस्सी. नर्सिंगचा पहिला अभ्यास कसा उभा करावा

एम.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळाला की युनिफॉर्म शिवून यायच्या आधीच सीनियर विचारायला लागतात, "विषय ठरला का गं?" आणि मग घाईघाईत, कुणाच्या तरी जुन्या प्रबंधाचं शीर्षक थोडं बदलून, विषय ठरतो. पुढची दोन वर्षं त्या घाईची किंमत मोजण्यात जातात. मी या सगळ्यातून गेले आहे आणि आता नंतरच्या बॅचच्या विद्यार्थ्यांचे सिनॉप्सिस (अभ्यासाचे आराखडे) वाचते. अडचणी दरवर्षी त्याच असतात, म्हणून हा लेख.

लेखात मी शेवटपर्यंत एकच उदाहरण धरून चालणार आहे: बेडसोरचा (झोपून राहिल्याने होणाऱ्या जखमेचा) धोका ओळखण्यासाठी वापरतात ते ब्रॅडन स्केल. तुमचा विषय ग्लासगो कोमा स्केल असेल, वेदनेचं मोजमाप असेल किंवा प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचा अंदाज असेल, पायऱ्या याच राहतात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. नर्सला एखादी गोष्ट माहीत आहे का, हे मोजणारे प्रबंध ग्रंथालयात भरपूर आहेत. रुग्णाजवळ उभी राहून ती गोष्ट तिला ओळखता येते का, हे मोजणारे फार कमी. तुमचा अभ्यास दुसऱ्या प्रकारचा करा.

१. विषयाआधी प्रश्न शोधा

आपल्याकडे एक साचा ठरलेला आहे: ‘अमुक विषयाच्या ज्ञानावर स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रामची परिणामकारकता’. तीस प्रश्नांची प्रश्नपत्रिका, एक तासाचं लेक्चर, सातव्या दिवशी तीच प्रश्नपत्रिका पुन्हा. मार्क वाढतात. वाढणारच, कारण आठवड्यापूर्वी तेच प्रश्न सोडवलेले असतात आणि उत्तरं लेक्चरमध्ये सांगितलेली असतात. त्यातून रुग्णाचं काय झालं, हे कळत नाही.

प्रश्न वॉर्डात सापडतो. हँडओव्हरच्या वेळी, म्हणजे ड्युटी बदलताना, शांत उभं राहून ऐका. एकाच रुग्णाला सकाळच्या सिस्टरने ब्रॅडनचे १७ गुण दिलेत आणि रात्रीच्या सिस्टरने १३. रुग्ण तोच, गादी तीच. १७ म्हणजे सौम्य धोका, १३ म्हणजे मध्यम, आणि दोन्हींची काळजी वेगळी. मग खरं कोणतं? हा झाला प्रश्न. त्याला उद्दिष्टाचं रूप असं देता येईल: मेडिसिन आणि ऑर्थोपेडिक वॉर्डांतल्या अधिपरिचारिकांनी केलेलं ब्रॅडन मूल्यांकन प्रशिक्षित निरीक्षकाच्या मूल्यांकनाशी किती जुळतं, आणि रुग्णाजवळ दिलेल्या प्रशिक्षणानंतर ही जुळणी वाढते का?

गाइड मॅडमकडे जाण्याआधी स्वतःला तीन गोष्टी विचारा. ही तपासणी नर्स स्वतः करते का, की डॉक्टरांच्या सांगण्यावरून? ती बरोबर झाली हे ठरवायला काही मापदंड आहे का? चुकली तर रुग्णाला काय भोगावं लागतं? तिन्हींची उत्तरं एका कागदावर लिहिता आली तर विषय पक्का समजा. शेवटी व्यवहार बघा. तुमच्या हॉस्पिटलात अंथरुणाला खिळलेले रुग्ण पुरेसे असतात का, आणि तुमचं क्लिनिकल पोस्टिंग तिथेच आहे का?

२. वाचन: आधी तक्ता, मग परिच्छेद

पबमेड मोफत आहे. इन्फ्लिबनेटच्या शोधगंगावर भारतीय पीएच.डी. प्रबंध पूर्ण वाचायला मिळतात, त्यातली साधनं (मोजमापाची स्केल, प्रश्नावल्या, चेकलिस्ट) आणि परिशिष्टंही. संदर्भ साठवायला झोटेरो वापरा, तेही मोफत आहे आणि व्हॅन्कूव्हर पद्धतीची यादी आपोआप करून देतं. हे पहिल्याच आठवड्यात शिकून घ्या. शेवटच्या महिन्यात संदर्भ हाताने लावणाऱ्यांचे हाल मी पाहिले आहेत.

प्रत्येक लेख वाचला की एक्सेलमध्ये एक ओळ भरा: कुठे झाला, किती जणांवर, कोणतं साधन, साधनाची विश्वासार्हता किती, काय आढळलं, काय राहून गेलं. यातला शेवटचा रकानाच पुढे तुमच्या अभ्यासाची गरज सांगणारं प्रकरण होतो.

सापळा: जुन्या प्रबंधातला ‘साहित्याचा आढावा’ उचलून मूळ लेख न वाचता त्याचे संदर्भ देणं. वर्ष किंवा लेखकाचं नाव तिथे चुकलेलं असलं की तीच चूक तुमच्याकडे येते आणि परीक्षक ती ओळखतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे आहे. पण टक्क्यांच्या भीतीपेक्षा न वाचलेल्या लेखाबद्दल व्हायवात (तोंडी परीक्षेत) विचारलेला प्रश्न जास्त जड जातो.

३. डिझाइन: एकच गट घेतला तर काय गमावता

एका गटाची पूर्वचाचणी, शिकवणं, उत्तरचाचणी, हे सोपं आहे. अडचण अशी की मधल्या काळात वॉर्डात नवीन इनचार्ज आल्या, एनएबीएचची (हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणाऱ्या संस्थेची) तपासणी जवळ आली, किंवा एअर मॅट्रेस आल्या, तर सुधारणा कशामुळे झाली हे सांगता येत नाही. शक्य असेल तर तुलनेसाठी दुसरा गट घ्या.

मात्र एकाच वॉर्डातल्या निम्म्या सिस्टरांना शिकवून उरलेल्या निम्म्या तुलनेला ठेवू नका. दुपारच्या चहापर्यंत सगळ्यांना सगळं कळलेलं असतं, आणि ते चांगलंच आहे, पण तुमचा तुलनागट संपतो. त्यापेक्षा दोन वेगळे वॉर्ड घ्या आणि अभ्यासाच्या काळात त्या दोन वॉर्डांत बदल्या होणार नाहीत ना, हे मेट्रन ऑफिसमध्ये ड्युटी रोस्टर पाहून खात्री करून घ्या. रँडमायझेशन (कोण कोणत्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरवणं) जमलं नाही तर शीर्षकात स्पष्ट ‘क्वासी-एक्स्परिमेंटल’ लिहा. त्यात कमीपणा नाही.

४. साधन: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

माझा सल्ला एवढाच असता तरी पुरला असता. विषय साधारण असला तरी साधन पक्कं असेल तर प्रबंध उभा राहतो. साधन कच्चं असेल तर नंतर कुठलाही सांख्यिकीतज्ज्ञ तो वाचवू शकत नाही.

*आधी साधन समजून घ्या.* ब्रॅडन स्केल बार्बरा ब्रॅडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी अमेरिकेत तयार केलं आणि ते १९८७ मध्ये प्रसिद्ध झालं. संवेदना, ओलसरपणा, हालचाल-फिरणं, अंथरुणात स्वतःची स्थिती बदलणं, पोषण, आणि घर्षण व खेच अशा सहा बाबी त्यात आहेत. पहिल्या पाचांना १ ते ४ गुण, शेवटच्या बाबीला १ ते ३. एकूण ६ ते २३. गुण जितके कमी तितका धोका जास्त. नवख्या मुलींचा गोंधळ इथेच होतो. १८ किंवा त्याहून कमी म्हणजे धोका आहे. १५ ते १८ सौम्य, १३-१४ मध्यम, १० ते १२ जास्त, ९ किंवा खाली अति.

*मग ते आपल्या वॉर्डात धरून बघा.* पोषणाच्या बाबीत दिवसाला मांस-दुधाचे प्रथिनयुक्त पदार्थ किती वेळा खाल्ले, असं विचारलेलं आहे. आपला रुग्ण हॉस्पिटलची खिचडी अर्धी टाकतो आणि घरून आलेल्या डब्यातली भाकरी वरणात कुस्करून खातो. केस पेपरवर यातलं काहीच नसतं, ते शेजारी बसलेल्या सुनेला किंवा बायकोला माहीत असतं. म्हणजे नातेवाइकाला विचारल्याशिवाय हा गुण देताच येत नाही. ओलसरपणाच्या बाबीत चादर किती वेळा बदलावी लागते हा निकष आहे. ज्या वॉर्डात लिनन दिवसातून एकदाच येतं तिथे चादर बदलली गेली नाही याचा अर्थ रुग्ण कोरडा आहे असा होत नाही. त्वचेला हात लावून, डायपर उघडूनच बघावं लागतं. हालचालीच्या बाबीत ‘खुर्चीपुरता’ असा टप्पा आहे. खुर्चीच नसलेल्या जनरल वॉर्डात पाय सोडून कॉटच्या कडेला बसणारा रुग्ण कुठे धरायचा, हे आधी ठरवा आणि लिहून ठेवा.

मूळ शब्द मात्र परस्पर बदलू नका. स्केलवर कॉपीराइट आहे. वापराची लेखी परवानगी मागा, तिचा ई-मेल छापून ठेवा, तो परिशिष्टात लागतो. मूळ स्केल तसंच ठेवून सोबत एक पानाची मार्गदर्शिका तुम्ही तयार करायची: कोणत्या परिस्थितीत कोणता गुण द्यायचा. खरं सांगायचं तर ही मार्गदर्शिका तुमच्या प्रबंधाचा सगळ्यात उपयोगी भाग ठरेल.

*स्वतः तयार केलेल्या साधनाची वैधता.* ज्ञानाची प्रश्नावली किंवा निरीक्षणाची चेकलिस्ट तुम्ही स्वतः केली असेल तर ती तज्ज्ञांकडे पाठवावी लागते. पाठवताना फक्त ‘योग्य / अयोग्य’ असे रकाने देऊ नका. प्रत्येक बाबीला १ ते ४ मध्ये सुसंगततेचे गुण मागा. ३ किंवा ४ देणाऱ्या तज्ज्ञांची संख्या भागिले एकूण तज्ज्ञ, हा त्या बाबीचा वैधता निर्देशांक. तज्ज्ञ सहा किंवा जास्त असतील तर तो किमान ०.७८ असावा, पाच किंवा कमी असतील तर सगळ्यांचं एकमत लागतं. तज्ज्ञांमध्ये फक्त प्राध्यापक नकोत. वॉर्डात रोज काम करणाऱ्या एखाद्या अनुभवी परिसेविकेला जरूर घ्या. "हे असं कुणी विचारत नाही" हे तुम्हाला त्याच सांगतील.

*विश्वासार्हता: कोणत्या साधनाला कोणती पद्धत.* बरोबर-चूक उत्तरांच्या प्रश्नावलीला केआर-२० हे सूत्र. मतं मोजणाऱ्या पाच पर्यायांच्या स्केलला क्रोनबाख अल्फा, साधारण ०.७० च्या वर. निरीक्षणाच्या साधनाला मात्र दोन निरीक्षकांतली जुळणी. बरेच जण चेकलिस्टलासुद्धा स्प्लिट-हाफ (साधनाचे दोन भाग करून त्यांचे गुण ताडणं) लावून मोकळे होतात. एकाच माणसाने भरलेली चेकलिस्ट दुसऱ्याच्या हाती तशीच भरली जाईल का, हे त्यातून समजत नाही.

*तुमचं स्वतःचं मोजमाप बरोबर आहे कशावरून?* तुम्ही सिस्टरांचे गुण तुमच्या गुणांशी ताडून बघणार असाल तर हा प्रश्न येणारच. म्हणून मुख्य अभ्यासाआधी तुम्ही आणि आणखी एक प्रशिक्षित नर्स, दोघींनी तेच रुग्ण स्वतंत्रपणे तपासा, एकमेकींचा कागद न बघता. जिथे फरक पडला तिथे पुन्हा रुग्णाजवळ जाऊन चर्चा करा आणि मार्गदर्शिका सुधारा. दोघींची जुळणी चांगली झाली, मगच पुढे जा.

५. नर्सिंग डायग्नोसिस लिहिताना

अभ्यासात नर्सिंग डायग्नोसिसची अचूकता तपासत असाल तर एक चूक जवळजवळ प्रत्येक केअर प्लॅनमध्ये दिसते. ‘धोका’ या प्रकारच्या निदानात समस्या आणि धोक्याची कारणं एवढंच असतं, लक्षणं नसतात. समस्या घडून गेली असेल तरच समस्या, कारण आणि लक्षणं असे तिन्ही भाग येतात. पण आपल्याकडे ‘बेडसोरचा धोका’ लिहून पुढे ‘माकडहाडावर लाली दिसते’ असं लिहिलेलं सापडतं. बोटाने दाबून सोडल्यावरही फिकी न होणारी लाली म्हणजे बेडसोरची पहिली पायरीच. तिथे धोका राहिलेला नाही, इजा झालेली आहे, आणि काळजीही त्यानुसार बदलते. अशा नोंदी किती टक्के केस शीटवर चुकीच्या आहेत, एवढंच मोजणारा छोटा अभ्यासही मला मोलाचा वाटतो.

६. नमुना किती

‘६० घेतले कारण सीनियरनीही ६० घेतले होते’ हे उत्तर व्हायवात चालत नाही. प्रमाण काढायचं असेल तर साधं सूत्र आहे: १.९६ चा वर्ग, गुणिले अपेक्षित प्रमाण, गुणिले (१ वजा ते प्रमाण), भागिले चालणाऱ्या चुकीचा वर्ग. अपेक्षित प्रमाण ५० टक्के आणि चूक १० टक्के धरली तर ९६.०४ येतात, म्हणजे ९७ निरीक्षणं. चूक ५ टक्के धरली तर तीच संख्या ३८५ होते, म्हणून वेळ बघून ठरवा. दोन गटांची तुलना असेल तर सूत्र वेगळं. त्यासाठी ओपनएपी हे मोफत साधन वापरा आणि सांख्यिकीतज्ज्ञांना डेटा गोळा करण्याच्या *आधी* भेटा.

आणखी एक बारकावा. एकाच सिस्टरने दहा रुग्ण तपासले तर ती दहा स्वतंत्र निरीक्षणं होत नाहीत, कारण तिची सवय दहाही ठिकाणी तीच असते. शक्य तितक्या जास्त सिस्टर घ्या आणि प्रत्येकीचे थोडे रुग्ण.

७. परवानग्या आणि कागदपत्रं

एथिक्स कमिटीला लोक घाबरतात. घाबरू नका, पण वेळ धरून चला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कमिटीत ७ ते १५ सदस्य असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचे असतात, आणि त्यात कायदा जाणणारी व एक सामान्य नागरिक अशी माणसंही असतात. तो सामान्य नागरिक तुमचं मराठी संमतिपत्र खरोखर वाचतो. बैठक रोज होत नाही. पुढच्या बैठकीची तारीख आणि कागद स्वीकारण्याची शेवटची तारीख सेक्रेटरींच्या ऑफिसातून लिहून आणा.

फाइलमध्ये साधारण हे लागतं:

- गाइडच्या सहीचा सिनॉप्सिस आणि कमिटीचा भरलेला अर्ज
- सगळी साधनं, मार्गदर्शिका आणि साधन वापरण्याची लेखी परवानगी
- सहभागींसाठी माहितीपत्रक आणि संमतिपत्र: मराठी, हिंदी, इंग्रजी
- तुमचा आणि गाइडचा बायोडेटा
- हॉस्पिटलच्या वैद्यकीय अधीक्षकांचं आणि अधिसेविकांचं परवानगीपत्र
- वेळापत्रक आणि खर्चाचा अंदाज
- तज्ज्ञांची वैधता प्रमाणपत्रं

यांतल्या प्रत्येक कागदावर आवृत्ती क्रमांक आणि तारीख टाका. एक शब्द बदलला तरी नवी आवृत्ती. विद्यापीठाचे फॉर्म आणि मुदती मात्र जुन्या बॅचकडून घेऊ नका. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची परिपत्रकं स्वतः वाचा.

संमती कुणाची? दोघांची. रुग्णाला हात लावून तपासणार म्हणून रुग्णाची, आणि तो शुद्धीत नसेल तर त्याच्या कायदेशीर प्रतिनिधीची. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्यासाठी अंगठा आणि अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार. दुसरी संमती सिस्टरांची, आणि इथे फार जपावं लागतं. मेट्रन मॅडमनी "सगळ्यांनी सह्या करा" म्हटल्यावर झालेली सही ही संमती नाही. वरिष्ठांच्या हाताखाली काम करणारे कर्मचारी आणि विद्यार्थी यांना दबाव येऊ शकतो, हे परिषदेच्या तत्त्वांतही मान्य केलेलं आहे. म्हणून सिस्टरांशी तुम्ही स्वतः बोला, वरिष्ठ समोर नसताना. कुणाचे गुण किती आले हे वरिष्ठांना कळणार नाही, असं लिहून द्या आणि तो शब्द पाळा.

माहितीपत्रकातलं मराठी साधं ठेवा. ‘दाब-व्रणाच्या जोखमीचे मूल्यमापन’ ऐवजी ‘झोपून राहिल्याने पाठीला, टाचेला जखम होण्याची शक्यता आहे का ते बघणं’ असं लिहा. इंग्रजीवरून मराठी केलेलं पत्रक दुसऱ्या व्यक्तीकडून पुन्हा इंग्रजीत करून घ्या आणि मूळाशी ताडून बघा.

प्रशिक्षणासारखा हस्तक्षेप असेल तर सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया) या नोंदणीस्थळावर नोंदणी करायची का, हे कमिटीला विचारा. नोंदणी मोफत आहे, पण १ एप्रिल २०१८ पासून पहिला सहभागी घेण्याआधीच ती करावी लागते. नंतर आठवलं तर उपयोग नाही.

प्रोटोकॉलमध्ये एक परिच्छेद आवर्जून लिहा. तपासताना एखाद्या रुग्णाला जास्त धोका आहे आणि वॉर्डाच्या लक्षात आलेलं नाही असं दिसलं, तर तुम्ही काय करणार? उत्तर एकच असू शकतं: त्याच वेळी इनचार्ज सिस्टरना सांगणार. डेटा त्यानंतर.

८. शिकवणं खाटेजवळ

पॉवरपॉइंट हवाच तर छोटा ठेवा. मुख्य शिकवणी खाटेजवळ द्या: दोन-तीन सिस्टर, एक रुग्ण, प्रत्येकीने आपापले गुण लिहायचे, मग का दिले ते बोलून दाखवायचं. बोलताना विचार कुठे वेगळे होतात ते समजतं.

त्वचा बघायला शिकवताना आपल्या रुग्णांचा विचार करा. पुस्तकातले फोटो बहुतेक गोऱ्या कातडीचे असतात. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही, दाबल्यावर फिकं होणंही समजत नाही. तिथे हात उपयोगी पडतो: शेजारच्या त्वचेपेक्षा ती जागा गरम किंवा थंड लागते का, कडक किंवा लिबलिबीत लागते का, दुखते का, रंग जांभळट झालाय का. माकडहाड आणि टाचा सगळे बघतात. ऑक्सिजन मास्कखालचं नाक, रायल्स ट्यूबजवळची (नाकातून पोटात घातलेल्या नळीजवळची) नाकपुडी, प्लॅस्टरची कड आणि लहान मुलांचं डोक्याचं मागचं हाड मात्र राहून जातं.

एकूण गुणांवर थांबू नका. कमी गुण कोणत्या बाबीत आहेत त्यावर काळजी ठरते, हे शिकवा. दोन रुग्णांचे १४-१४ गुण असतील, पण एकाचं पोषण पडलंय आणि दुसऱ्याचा ओलसरपणा. दोघांना एकसारखी ‘दोन तासांनी पोझिशन बदला’ ही ऑर्डर पुरत नाही. नातेवाइकांनाही सोबत घ्या. रात्री रुग्णाला कुशीवर वळवायला बऱ्याचदा तेच असतात आणि ओढून वर सरकवल्याने कातडी सोलली जाते हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

तुलनागटातल्या सिस्टरांना अभ्यास संपल्यावर हेच प्रशिक्षण द्या. ते सिनॉप्सिसमध्ये आधीच लिहा.

९. डेटा गोळा करताना

आधी मुख्य नमुन्याच्या साधारण दहाव्या हिश्शाइतक्या रुग्णांवर पायलट करा, आणि हे रुग्ण मुख्य अभ्यासात मिसळू नका. एका रुग्णाला किती मिनिटं लागतात हे इथेच कळतं.

सिस्टरांचे गुण आणि तुमचे गुण यांत जास्त वेळ जाऊ देऊ नका. एकाच शिफ्टमध्ये, शक्यतो तासाभरात. सकाळी तापाने ग्लानीत असलेला रुग्ण संध्याकाळी उठून बसलेला असतो, मग फरक तपासणीतला की प्रकृतीतला, हे सांगता येत नाही. तिचा कागद तुम्ही बघायचा नाही, तुमचा तिने. हँडओव्हर, इंजेक्शनची वेळ आणि राउंड टाळा. रात्रपाळीतही जा, कारण चुका आणि अडचणी दोन्ही तिथे जास्त दिसतात.

तुम्ही समोर उभ्या आहात म्हणून सिस्टर नेहमीपेक्षा काळजीपूर्वक काम करतात. सुरुवातीचे काही दिवस नुसतं वॉर्डात जाऊन मदत करा, तुमची सवय होऊ द्या, ती निरीक्षणं मोजू नका. फॉर्मवर नाव नको, कोड हवा. नाव-कोडची यादी वेगळ्या कुलुपात. मोबाइलवर रुग्णाचा फोटो काढू नका. फोटो खरोखर हवा असेल तर त्याची वेगळी संमती आणि कमिटीची मंजुरी लागते. आणि रोज वॉर्ड सोडण्याआधी फॉर्म तपासा, रिकामा राहिलेला रकाना दुसऱ्या दिवशी भरून निघत नाही.

१०. विश्लेषण: टक्केवारीवर समाधान मानू नका

समजा ४० रुग्ण आहेत. तुम्ही आणि सिस्टर दोघींनी १८ जणांना ‘धोका आहे’ म्हटलं, १४ जणांना ‘नाही’. ३ जणांना सिस्टरनी धोका सांगितला, तुम्ही नाही. ५ जणांना तुम्ही धोका सांगितला, सिस्टरनी नाही. जुळणी ४० पैकी ३२, म्हणजे ८० टक्के. छान वाटतं. पण दोघींनी डोळे मिटून, याच प्रमाणात शिक्के मारले असते तरी निम्म्याच्या आसपास जुळलंच असतं. तो योगायोग वजा करणारं माप म्हणजे कोहेनचा कॅपा (kappa). इथे तो ०.६० येतो, म्हणजे मध्यम आणि चांगल्याच्या सीमेवर.

त्याहून महत्त्वाचं दुसरं गणित. तुमच्या मते धोका असलेले २३, त्यांतले सिस्टरनी १८ ओळखले: संवेदनशीलता ७८ टक्के. धोका नसलेले १७, त्यांतले १४ बरोबर: विशिष्टता ८२ टक्के. निष्कर्षात या टक्केवाऱ्या लिहा, पण चर्चेच्या प्रकरणात त्या सुटलेल्या ५ रुग्णांबद्दल लिहा. कोणत्या बाबीत गुण जास्त दिले गेले? ते ऑर्थोचे होते की मेडिसिनचे? रात्रीचे? प्रशिक्षणाची दिशा तिथून मिळते.

प्रशिक्षणाआधी आणि नंतर त्याच सिस्टरांचे ज्ञानाचे गुण ताडायचे तर पेअर्ड टी-टेस्ट, गुणांचं वितरण नॉर्मल (घंटेच्या आकाराचं) नसेल तर विलकॉक्सन. त्याच सिस्टरांचं ‘बरोबर / चूक’ असं उत्तर ताडायचं तर मॅकनेमार. साधी काय-स्क्वेअर इथे चुकीची. आणि वय, धर्म, वैवाहिक स्थिती, मासिक उत्पन्न यांच्याशी ज्ञानाचा ‘संबंध’ शोधणारा तो पंधरा ओळींचा तक्ता: ज्याला कारण सांगता येत नाही असा प्रत्येक घटक त्यातून काढून टाका. एवढ्या चाचण्या केल्या की एखादी पी व्हॅल्यू योगायोगाने ०.०५ च्या खाली येतेच. रकान्यातली अपेक्षित संख्या ५ पेक्षा कमी असेल तिथे फिशरची चाचणी लावा. जामोवी हे मोफत सॉफ्टवेअर एवढ्या सगळ्याला पुरतं.

११. लेखन आणि व्हायवा

पद्धतीचं प्रकरण डेटा गोळा करत असतानाच लिहा, तेव्हाच सगळं आठवतं. मर्यादा प्रामाणिकपणे लिहा: एकच हॉस्पिटल, कमी काळ, कोणत्या गटाला शिकवलंय हे निरीक्षकाला माहीत होतं (ब्लाइंडिंग नव्हतं). परीक्षक मर्यादा शोधतातच. तुम्ही आधी लिहिलेल्या असतील तर चर्चा पुढच्या प्रश्नावर जाते. तपासणीच्या अचूकतेचा अभ्यास असेल तर स्टार्ड, निरीक्षणात्मक असेल तर स्ट्रोब, या अहवालात काय काय लिहावं हे सांगणाऱ्या यादीतल्या बाबी एकेक करून टिक करा.

व्हायवात हमखास विचारतात: हेच साधन का, नमुना एवढाच का, तुमचं मोजमाप बरोबर कशावरून, आणि याचा वॉर्डला उपयोग काय. पहिल्या तिन्हींची उत्तरं वरच्या पायऱ्यांत आहेत. चौथ्याचं उत्तर परीक्षेआधीच तयार करा. एक पानाची मार्गदर्शिका मराठीत छापून लॅमिनेट करा आणि इनचार्ज सिस्टरांच्या परवानगीने नर्सिंग स्टेशनवर लावा. ज्या सिस्टरांनी वेळ दिला त्यांना, कुणाचंही नाव न घेता, पंधरा मिनिटांत निकाल सांगा. प्रबंधाची एक प्रत कॉलेजच्या ग्रंथालयात जाते, दुसरी वॉर्डात ठेवायला मेट्रन ऑफिसला द्या.